प्रस्तावना : पक्षाघातानंतरचं घर आणि हातातला फोन

पक्षाघाताच्या पेशंटला डिस्चार्ज मिळतो त्या दिवशी नातेवाइकांच्या हातात एक जाड फाईल येते. एमआरआयच्या फिल्म, रक्ताचे रिपोर्ट, गोळ्यांची चिठ्ठी, बिलं. त्यात कुठेतरी एक ओळ असते : फिजिओथेरपी चालू ठेवावी. कोणी चालू ठेवायची, कुठे, दिवसातून किती वेळा, काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही, यातलं काहीच त्या ओळीत नसतं. वॉर्डात फिजिओथेरपिस्ट येऊन व्यायाम करून घेते तेव्हा मुलगा मेडिकलच्या दुकानात गेलेला असतो आणि सून बिलाच्या खिडकीपाशी उभी असते. जे पाहिलेलं असतं त्यातलंही घरी पोचेपर्यंत फार थोडं लक्षात राहतं. मग शेजारपाजारचे येतात. अंगावरून वारं गेलं म्हटल्यावर कोणी कबुतराचं रक्त चोळायला सांगतं, कोणी लांबच्या गावातून तेलाची बाटली आणून देतं, आणि आता कोणीतरी 'सात दिवसांत लकवा बरा' असा व्हिडिओही पाठवतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. घरी गेल्यावर नीट आधार न मिळाल्याने हातची सुधारणा निसटलेले पेशंट मी इतके पाहिले आहेत की या पुस्तिकेची प्रस्तावना लिहिण्याची विनंती आली तेव्हा विचार करायला वेळ मागावासा वाटला नाही. ही पुस्तिका पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनासाठी केलेल्या छोट्या व्हिडिओंसोबत वाचायची आहे. व्हिडिओ कोणते, ते कोणत्या टप्प्यावर पाहायचे, पाहताना कुठे लक्ष ठेवायचं, हे पुढच्या प्रकरणांत आलं आहे. मला इथे एवढंच सांगायचं आहे की पेशंटच्या फोनवर आलेला व्हिडिओ कधी उपयोगी पडतो आणि कधी नाही. या दोन्हींबद्दल आपल्याकडे पुरेसं स्पष्ट बोललं जात नाही.

पुनर्वसनाचं शास्त्र महाराष्ट्राला नवीन नाही. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर भारताच्याच झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. तीन वर्षांनी त्याच रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा निघाली. 1955 साली हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. देशातल्या या विद्येचा पाया बऱ्याच अंशी मुंबईत घातला गेला आहे. पण पेशंट राहतात सगळीकडे. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या डॉक्टरांनी 86 गावांतल्या मृत्यूंचा माग काढला, तेव्हा पक्षाघात हे तिथल्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं. दर सात मृत्यूंमागे एक पक्षाघाताचा, आणि त्यातले बहुतेक घरीच झालेले. 2015 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तोवर पक्षाघात म्हणजे शहरी, बैठ्या, सुखवस्तू माणसांचा आजार असा आमच्यातल्याही अनेकांचा समज होता. पक्षाघातातून जे वाचतात ते त्याच गावांत, त्याच घरांत पुढची वर्षं काढतात. जवळचा फिजिओथेरपिस्ट तालुक्याला किंवा जिल्ह्याला, आणि तिथे जाण्यायेण्यात एका माणसाची दिवसाची मजुरी बुडते. अशा घरातही आज एखादा स्मार्टफोन मात्र असतो.

आता शरीरात काय होतं ते पाहू, कारण ते कळल्याशिवाय व्हिडिओचा उपयोग कळणार नाही. मेंदूच्या ज्या भागाचा रक्तपुरवठा तुटला तिथल्या पेशी मरतात, त्या परत येत नाहीत. सुधारणा होते ती आजूबाजूचे आणि विरुद्ध बाजूच्या अर्ध्या मेंदूतले भाग नव्याने जोडले जाऊन काम शिकतात म्हणून. हे शिकणं आपोआप होत नाही. जी हालचाल परत हवी ती स्वतः, मन लावून, पुन्हा पुन्हा करावी लागते. मालिशने त्वचेला बरं वाटतं, पण मेंदूला काम मिळत नाही. दुसऱ्याने हात वरखाली करून दिला तर सांधा मोकळा राहतो, ते आवश्यकही आहे, पण तेवढ्याने हात कामाला लागत नाही. किती वेळा करायचं? प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसले ते दिवसाला काही शे वेळा हालचाल करून घेतल्यावर. उत्तर अमेरिकेतल्या पुनर्वसन केंद्रांमध्ये संशोधकांनी प्रत्यक्ष मोजलं, आणि 2009 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत थेरपीच्या एका बैठकीत पेशंटच्या हाताची कामाची हालचाल सरासरी 32 वेळाच झालेली आढळली. सुसज्ज केंद्रांतली ही स्थिती असेल, तर आठवड्यातून दोनदा घरी येणाऱ्या फिजिओच्या भरवशावर तो शेकड्यांचा आकडा कधी गाठला जाणार नाही. उरलेलं काम घरातच व्हायला हवं, आणि योग्य प्रकारे व्हायला हवं.

इथे व्हिडिओ दोन वेगळ्या वाटांनी मदत करतो.

पहिली वाट फारशी कोणाला माहीत नसते. 1990च्या दशकात इटलीतल्या पार्मा इथे जाकोमो रिझोलात्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांना माकडांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, ज्या स्वतः वस्तू उचलताना जशा जाग्या होत तशाच दुसऱ्याला ती उचलताना पाहतानाही होत. त्यावरून पुढे एक उपचार आकाराला आला. पेशंटने रोजच्या कामाची छोटी चित्रफीत लक्ष देऊन पाहायची, पेला उचलणं, झाकण उघडणं, कंगवा धरणं, आणि लगेच तेच काम आपल्या कमजोर हाताने करायचा प्रयत्न करायचा. 2007 साली थोड्या पेशंटवर याची चाचणी झाली आणि हाताच्या कामात सुधारणा दिसली. नंतरच्या अनेक लहान चाचण्या एकत्र पाहणाऱ्या कोक्रेनच्या आढाव्यानेही हाताच्या कामासाठी ही पद्धत उपयोगी ठरते असा कौल दिला. म्हणजे इथे व्हिडिओ पाहणं हाच उपचाराचा एक भाग आहे. अट एकच : पाहून झाल्याबरोबर करायचं. सकाळी दहा व्हिडिओ सलग पाहून फोन बाजूला ठेवणाऱ्या पेशंटला यातलं काही मिळत नाही.

दुसरी वाट घरच्या माणसाची आहे, आणि इथे मला उत्साहाला थोडा आवर घालायला हवा. भारतातल्या 14 रुग्णालयांत 1250 पेशंटवर 'अटेंड' नावाची मोठी चाचणी झाली. पेशंटच्या एका नातेवाइकाला रुग्णालयातच शिकवायचं आणि पुढचं पुनर्वसन घरी त्याने करून घ्यायचं, अशी कल्पना होती. 2017 साली निष्कर्ष आले. सहा महिन्यांनंतर दगावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या पेशंटचं प्रमाण शिकवलेल्या गटात 47 टक्के आणि नेहमीच्या पद्धतीच्या गटातही 47 टक्के. काहीच फरक पडला नव्हता. त्यानंतर 'स्प्रिंट इंडिया' या चाचणीत 31 केंद्रांवरच्या चार हजारांहून जास्त पेशंटपैकी निम्म्यांना बारा भाषांमध्ये मोबाईल संदेश, छोटे व्हिडिओ आणि माहितीची वही दिली गेली. उद्देश पुन्हा झटका येऊ नये हा. वर्षभरात झटक्यांचं प्रमाण कमी झालं नाही; गोळ्या नियमित घेणं आणि दारू-तंबाखू सोडणं मात्र व्हिडिओ मिळालेल्यांमध्ये थोडं जास्त दिसलं.

हे निष्कर्ष लपवून ही पुस्तिका लोकांपुढे ठेवणं मला अप्रामाणिक वाटलं असतं. व्हिडिओ दाखवला म्हणजे पेशंट चालू लागेल असं कोणी म्हणत असेल तर ते खरं नाही. सुनेला चार गोष्टी शिकवल्या म्हणजे थेरपिस्टची गरज संपली, असा अर्थ एखाद्या सरकारी योजनेने किंवा रुग्णालयाने काढला तर तो पेशंटवर अन्याय ठरेल. मग व्हिडिओ कशाला? थेरपिस्टने पेशंट तपासून जे ठरवलं ते घरी बिनचूक राहावं, त्याचा सराव वाढावा, आणि अज्ञानातून होणारी इजा टळावी, यासाठी. माहिती कशी दिली यानेही फरक पडतो. नुसतं पत्रक हातात देण्यापेक्षा पेशंट आणि घरच्यांना सामील करून घेत, पुन्हा पुन्हा भेटून दिलेली माहिती जास्त उपयोगी ठरते, हे अनेक अभ्यासांतून पुढे आलं आहे.

इजा टळणं ही छोटी गोष्ट नाही. खांद्याचंच पाहा. पक्षाघातात खांद्याभोवतीचे स्नायू लुळे पडले की हाताचं सगळं वजन सांध्यावर लोंबकळतं. अशा वेळी पेशंटला उठवताना घरचे तोच हात धरून ओढतात, किंवा दोन्ही काखांत हात घालून उचलतात. माया असते त्यात, पण खांदा कायमचा दुखरा होतो, आणि दुखऱ्या हाताचा व्यायाम पेशंट करू देत नाही. बरा होऊ शकणारा हात असा वाया गेलेला मी वारंवार पाहिला आहे. योग्य पद्धत शब्दांत सांगायला अर्धं पान लागतं : खुर्ची चांगल्या बाजूला, कॉटला चिकटून; पेशंटचे पाय जमिनीवर टेकलेले, गुडघ्यांच्या थोडे मागे; त्याने पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत; तुमचे हात त्याच्या पाठीमागे, कंबरेपाशी. व्हिडिओत हेच अर्ध्या मिनिटात दिसतं, आणि पाहणाऱ्याची स्वतःची कंबरही वाचते.

घास गिळण्याचा व्हिडिओ मी पहिल्या क्रमांकावर ठेवला असता. सुरुवातीच्या दिवसांत बऱ्याच पेशंटना नीट गिळता येत नाही. आजारी माणसाला आडवं ठेवून चमच्याने पाणी, चहा, पेज पाजायची आपली जुनी सवय आहे, आणि पातळ पदार्थच सगळ्यात पटकन श्वासनलिकेत उतरतो. दर वेळी ठसका लागतोच असं नाही; पाणी प्यायल्यावर आवाज घोगरा, ओला यायला लागला तर तीही खूण असते. त्यातून होणारा न्यूमोनिया पक्षाघातातून वाचलेल्या माणसाला घेऊन जातो. ताठ बसवणं, छोटा घास, एक घास गिळल्याशिवाय दुसरा नाही, जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. हे घरातल्या प्रत्येकाने पाहायला हवं, कारण भरवायला कोणीही बसतं. नाकातून नळी असेल तर तोंडाने काय द्यायचं हे डॉक्टर किंवा स्पीच थेरपिस्टच सांगतील.

उजव्या मेंदूला इजा झालेल्या काही पेशंटचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. डोळा चांगला असतो, पण ती बाजू त्यांच्या जगातून गेलेली असते. आपल्या ताटात हे लगेच दिसतं : भाजी, आमटी, पोळी संपते, आणि डावीकडची चटणी, कोशिंबीर, लोणचं तसंच राहतं. वर 'आज चटणी वाढलीच नाही' अशी तक्रार येते. घरच्यांना वाटतं आजोबा हट्टी झाले, किंवा त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला. सुरुवातीला फोन उजवीकडे धरून आणि नंतर हळूहळू डावीकडे सरकवत व्हिडिओ दाखवायचा, हे या पुस्तिकेत सांगितलं आहे ते त्यासाठीच. डाव्या मेंदूच्या पक्षाघातात पुष्कळदा भाषा जाते. त्या माणसाला सगळं समजत असू शकतं आणि तरी 'पाणी' हा शब्द सापडत नाही. मात्र एक, दोन, तीन अशी गणती, वारांची नावं, लहानपणापासून म्हटलेली आरती अखंड बाहेर पडते. हे पाहून घरच्यांना आशा वाटते, आणि ती अगदीच खोटी नसते, कारण सूर आणि ठेक्याचा आधार घेत बोलण्याकडे नेणाऱ्या पद्धती 1970च्या दशकापासून वापरात आहेत. पण आरती म्हणतो म्हणून मुद्दाम बोलत नाही, असा राग त्या माणसावर काढू नका. अशा पेशंटसाठी केलेल्या व्हिडिओत एका वेळी एकच सूचना, संथ आवाजात, आणि पडद्यावर कमीत कमी अक्षरं हवीत.

यावरून लक्षात येईल की चांगला व्हिडिओ बनवणं हे कॅमेऱ्यापेक्षा घर ओळखण्याचं काम आहे. परदेशी व्हिडिओ शास्त्राच्या दृष्टीने उत्तम असतात. त्यांत उंच पलंग, कमोड, हाताच्या खुर्च्या, रुंद दारं असतात. आपल्याकडे सतरंजीवर निजणारा, भारतीय पद्धतीच्या संडासात बसणारा, पाटावर जेवणारा पेशंट आहे. नऊवारी नेसणाऱ्या आजींना पोशाख घालायला शिकवताना शर्टाची बटणं दाखवून उपयोग नाही. जमिनीवरून उठणं हा आपल्याकडे रोजचा प्रश्न आहे, आणि परदेशी संचांत तो सहसा पडल्यावर कसं उठायचं एवढ्यापुरता येतो. या संचात तो सविस्तर आहे, याचा मला आनंद वाटतो.

आणखी एक तांत्रिक बाब, जिच्याकडे भलेभले दुर्लक्ष करतात. समोरून चित्रित केलेल्या व्हिडिओत उजवा हात पाहणाऱ्याच्या डावीकडे दिसतो. निरोगी माणूस मनातल्या मनात बाजू बदलून घेतो. पक्षाघाताचा पेशंट गोंधळतो, आणि दमतो. म्हणून हाताच्या कामांचं चित्रण करणाऱ्याच्या खांद्यावरून, स्वतःचेच हात पाहावे तसं करायला हवं, आणि उजव्या-डाव्या बाजूसाठी वेगळे व्हिडिओ हवेत. लांबीही दोन-तीन मिनिटांपलीकडे नको. या आजारात थकवा खरा असतो, आळस म्हणून तो उडवून लावू नये. आणि जास्त म्हणजे चांगलं असंही नाही : 'अॅव्हर्ट' या 2104 पेशंटच्या चाचणीत पहिल्या चोवीस तासांत सुरू करून खूप जास्त वेळ उठवण्या-चालवण्याचा परिणाम नेहमीच्या पद्धतीपेक्षा वाईट निघाला. कोणता व्हिडिओ कधी सुरू करायचा हे म्हणूनच तपासणाऱ्याने ठरवायचं.

थेरपिस्ट मित्रमैत्रिणींना माझं एक आग्रहाचं सांगणं आहे. या संचातले व्हिडिओ वापराच, पण सगळ्यात उपयोगी व्हिडिओ तुम्ही स्वतः काढू शकता. डिस्चार्जच्या आधी नातेवाइकाचाच फोन घ्या, आणि त्याच पेशंटचा, त्याच्याच हातापायांचा व्यायाम, तुमच्या आवाजातल्या सूचनांसकट चित्रित करून द्या. चित्रण त्यांच्याच फोनवर, त्यांच्या संमतीने, आणि कुठेही न पाठवता. महिन्याने पुन्हा काढा. चाल सुधारली की नाही हे रोज पाहणाऱ्यांना कळत नाही. दोन व्हिडिओ शेजारी ठेवले की कळतं. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश पेशंटना नैराश्य येतं, आणि 'काही फरक नाही' हे त्यांचं रोजचं वाक्य असतं. त्यांना आपलीच चाल दाखवता आली तर ते वाक्य खोडता येतं. नाही खोडता आलं, झोप-भूक गेली, डोळे सारखे भरून येऊ लागले, तर डॉक्टरांना सांगा. नैराश्यावर औषध आहे.

घरच्यांबद्दल इथे थोडंच लिहिते, पुढे त्यांच्यासाठी पूर्ण प्रकरण आहे. बहुतेक घरांत हे सगळं एकाच बाईवर येतं : बायको, सून किंवा मुलगी. दर दोन तासांनी कूस बदलणं, लघवीची पिशवी, भरवणं, व्यायाम, आणि त्यात स्वयंपाक. तिच्या फोनवर आणखी वीस व्हिडिओ पाठवून तिचं ओझं वाढवू नये. घरातल्या पुरुषांनी आणि शाळेतल्या नातवंडांनीही हे व्हिडिओ पाहावेत, आणि एकेका व्यायामाची जबाबदारी घ्यावी. आजोबांना दुपारी पेला उचलायला लावणं दहा वर्षांच्या मुलाला उत्तम जमतं.

वाचकांना शेवटची विनंती. व्यायामाच्या व्हिडिओंकडे वळण्याआधी खांदा, गिळणं आणि उठवणं-बसवणं हे तीन विषय घरातल्या सगळ्यांनी एकत्र पाहून घ्या. पेशंटचा रक्तदाब नियमित मोजा आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद करू नका. आणि तोंड पुन्हा वाकडं झालं, हात किंवा पाय अचानक गळाला, बोलणं अडखळलं, तर फोनवर काहीही शोधत बसू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते द्यायचं की नाही हे सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयातच ठरतं. लक्षणं केव्हा सुरू झाली ती वेळ लिहून ठेवा आणि लगेच 108 लावा.